एक स्क्रू शिल्लक

श्रीपाद निरगुडकर आधी हसला आणि मग त्याला प्रश्न पडला की आपण हसलो कशाला. एरवी असं त्याच्या हातून झालं नसतं. सौदी अरेबियात, जुबैलमधल्या एका बांधून होत आलेल्या केमिकल प्लांटवर तो तपासणी इंजिनियर होता. प्रत्येक नटबोल्ट डोळ्यांनी पाहून, बोटांनी चाचपून, पाना लावून खात्री झाल्याशिवाय सही करायची नाही, हे त्याचं पोटापाण्याचं साधन. संशयीपणा हा चारचौघांत दुर्गुण समजतात. श्रीपादला त्याचा पगार मिळायचा. घरचं दूध घेतानाही तो बाटलीवरची तारीख वाचायचा, मग झाकण बघायचा, आणि शेवटी बकालावाल्याचा, म्हणजे तिथल्या वाण्याचा, चेहरा बघायचा. असा माणूस अर्थ न कळता हसला, तोही चौदा माणसांसमोर.

प्रसंग ऊवे लिंडनरच्या निरोपाचा होता. ऊवे हा यंत्रं पुरवणाऱ्या जर्मन कंपनीचा माणूस. दोन वर्षं त्याने जोडायचं आणि श्रीपादने नापास करायचं, असा दोघांचा संसार चालला होता. एकदा तर एका बोल्टवरून श्रीपादने सबंध दिवसाची चाचणी थांबवली होती आणि ऊवेने आपलं हेल्मेट वाळूत आपटलं होतं. आता काम संपलं होतं. ऊवे सुटीवर घरी निघाला होता आणि प्लांट सुरू करायच्या वेळी, सप्टेंबरात, पुन्हा यायचा होता. साइट ऑफिसच्या केबिनमध्ये बसबुसा नावाची रव्याची मिठाई आणि माल्टच्या बाटल्या मांडल्या होत्या. ऊवेने सगळ्यांना चॉकलेटं वाटली. श्रीपादपाशी आल्यावर मात्र त्याने पिशवीतून एक चौकोनी, चपटं पाकीट काढलं.

"श्रीपाद, तुझ्यासाठी खास. माझ्या गावच्या रॉक बँडचा सिंगल. ड्रम वाजवतोय तो माझा मेहुणा. गाणं विनोदी आहे."

पाकिटातून छोटी काळी तबकडी निघाली. ऊवेने सुटकेसएवढा एक प्लेअर आणला होता, त्यावर ती लावली. धडाधड ड्रम वाजले, एक घोगरा माणूस ओरडायला लागला, आणि ध्रुवपद आल्यावर ऊवे आणि त्याचे तिघे सहकारी घसा फोडून गाऊ लागले, "ऑय श्राउब इश नो इब्रिग!" गाताना चौघांनी मिळून श्रीपादकडे बोट दाखवलं. केबिन हसली. श्रीपादही हसला. वर त्याने टाळ्याही वाजवल्या.

कंपनीच्या बसमधून फनातीरला घरी येईपर्यंत त्याचं हसू उतरलं होतं.

"बाकीच्यांना चॉकलेट आणि तुम्हालाच तबकडी?" पद्मिनी म्हणाली. पद्मिनी म्हणजे त्याची बायको. संशयाच्या बाबतीत श्रीपाद पगारी होता, ती हौशी होती. आणि हौशी माणसाचा हात नेहमीच जास्त साफ असतो. शिवाय तिचं ऊवेशी पहिल्यापासून जमलं नव्हतं. या नावाचा माणूस घरी जेवून गेला की तिला दोन दिवस डोकं खाजल्यासारखं वाटायचं. "आणि बोट का दाखवलं म्हणे?"

"गाण्याच्या भरात असेल."

"चौघांना एकदम भर आला? आणि तेही तुमच्याच दिशेला?" तिने पाकीट उजेडात धरलं. वरच्या चित्रात एक टकला, चष्मेवाला, मिशीवाला माणूस फळ्यांच्या पसाऱ्यात फतकल मारून बसला होता आणि चिमटीतल्या कसल्याशा वस्तूकडे डोळे तिरळे करून बघत होता. पद्मिनीने चित्राकडे पाहिलं, मग नवऱ्याकडे, मग पुन्हा चित्राकडे. "मिशी तेवढी वेगळी आहे," ती म्हणाली.

आठवीतली ज्ञानदा सोफ्यावरून म्हणाली, "बाबा, जस्ट आस्क हिम ना. मेसेज कर दो."

"ज्याने अपमान केला, त्यालाच जाऊन विचारू, की बाबा रे, नक्की काय अपमान केलास?"

"बट यू डोन्ट नो की इन्सल्ट है."

"म्हणून तर शोधायचं."

पाकिटाच्या मागे गाण्याचे शब्द छापले होते. ज्ञानदाने त्यावर फोन धरला. फोनने थोडा विचार करून सांगितलं, 'आजी पेटीत आणि गुडघा अजून स्वयंपाकघरात.' दुसऱ्यांदा सांगितलं, 'कृपया भाषा निवडा.' तिने बरंच खोदल्यावर कळलं की हे पुस्तकी जर्मन नव्हे, ऊवेच्या मुलखातली बोली आहे. 'श्राउब' म्हणजे मात्र स्क्रू किंवा बोल्ट, एवढं फोन शपथेवर सांगायला तयार होता.

"आणि ते 'इश' काय आहे?" पद्मिनीने विचारलं. "चार दाढीवाले बाप्ये तुमच्याकडे बोट दाखवून इश्श म्हणतात, आणि तुम्ही टाळ्या वाजवता!"

शुक्रवारी सकाळी शेजारचे सदानंद पेडणेकर चहाला आले. पेडणेकर वेंगुर्ल्याचे, प्लांटवर परातींचे, म्हणजे उंचावर काम करायला बांधतात त्या सांगाड्यांचे, सुपरवायझर. परात बांधायला म्हणून बत्तीस वर्षांपूर्वी आखातात आले आणि तेव्हापासून प्रत्येक गोष्टीकडे जरा उंचावरून बघत होते. दुसऱ्याच्या भांडणात त्यांना विशेष रस असे, कारण स्वतःच्या भांडणात रक्तदाब वाढतो असं त्यांना डॉक्टरांनी सांगितलं होतं.

"सिंगल दिल्यान?" त्यांनी बशी खाली ठेवली. "निरगुडकर, तुम्ही फॅमिली स्टेटसवर. फॅमिलीवाल्या माणसाक सिंगल कित्याक?"

"पेडणेकर, रेकॉर्डला सिंगल म्हणतात."

"म्हणत असतील. पण आखातात सिंगल म्हणजे काय ता तेका दोन वर्षांत कळला नसात?" सिंगल म्हणजे बायकामुलांशिवाय कॅम्पात राहणारा माणूस. ऊवेने सुचवलंय तरी काय, या विचाराने पद्मिनीने साखरेचा डबा जरा जोरात बंद केला.

पेडणेकरांनी पुढे स्क्रूचा प्रश्न हाती घेतला. ढिला स्क्रू म्हणजे वेडा, हे आपल्याकडे शेंबड्या पोराला माहीत. जर्मन लोक तर स्क्रूचे कारखानदार, त्यांना माहीत नसेल? "ह्या बघा. दोन वर्षं तुम्ही तेचे बोल्ट ढिले म्हणून नापास केलात. जाताना तो तुमचो स्क्रू ढिलो म्हणून सांगून गेलो. हिशेब फिटलो. आणि तुम्ही टाळये वाजवलात!" टाळ्यांची गोष्ट त्यांना पद्मिनीने सांगितली होती. "माका विचारशात तर लेखी द्या. तो सप्टेंबरात परत येवच्या आधी. तोंडी अपमानाक लेखी उत्तर. कायदो आसा."

कुठल्या देशाचा कायदा, हे त्यांनी सांगितलं नाही.

श्रीपादला खरं म्हणजे तक्रार करायची नव्हती. त्याला फक्त नोंद हवी होती. ज्या माणसाचं आयुष्य नोंदींवर गेलं, त्याला नोंद झाली की बरं वाटतं. म्हणून रविवारी तो कंपनीच्या एचआरमध्ये जुनैदसमोर जाऊन बसला. जुनैद हैदराबादचा, स्वभावाने गोड, आणि कीबोर्डवर एकाच बोटाने टाइप करणारा.

"निरगुडकर साब, किसी ने आपको गाना तोहफे में दिया, और आपको शिकायत है?"

"शिकायत नहीं. सिर्फ रेकॉर्ड पे लेना है."

"रेकॉर्ड तो आपके हात में है, साब."

हा विनोद नव्हता. जुनैदला खरंच तसं वाटलं. त्याने कॉम्प्युटरवर तक्रारीचा फॉर्म उघडला. विषय निवडायला यादी होती: जेवण, राहण्याची जागा, बस, गुणवत्ता, सुरक्षा. गाणं नव्हतं. 'इतर' होतं, पण 'इतर'ला तीन साहेबांची परवानगी लागायची आणि त्यातले दोघे सुटीवर होते. शिवाय अरबी किंवा इंग्रजीत नसलेला कागद जोडायचा तर मान्यताप्राप्त कचेरीतून भाषांतर करून, त्यावर शिक्का हवा. "खतम लगवा के लाइए, बस," जुनैद म्हणाला. इथे शिक्क्याला खतम म्हणतात. नव्या माणसाला हे ऐकून धसका बसतो. श्रीपादला नऊ वर्षांनंतरही बसायचा.

जुबैलच्या बलदमध्ये, म्हणजे जुन्या गावात, एका शिंप्याच्या आणि एका मोबाइलवाल्याच्या मध्ये भाषांतराची कचेरी होती. पाटीवर 'सर्व भाषा' असं लिहिलं होतं. आत अबू हिशाम नावाचे एक वयस्कर सीरियन गृहस्थ बसले होते. ते तरुणपणी दोन वर्षं लाइपझिगला शिकायला होते आणि त्यांना जर्मन येतं याचा त्यांना इतका अभिमान होता, की समोर जे आलंय ते आपल्याला अर्धंच कळतंय हे कबूल करणं शक्य नव्हतं. त्यांनी पाकीट उलटसुलट केलं, चष्मा पुसला, पुन्हा घातला.

"हे गाणं आहे?" त्यांनी इंग्रजीत विचारलं.

"हो."

"गाण्यावर मला शिक्का मारता येत नाही. निवेदन म्हणून करतो. यमक काढून टाकतो. बुकरा या, इन्शाल्ला."

बुकरा म्हणजे उद्या. ते उद्या पाचव्या दिवशी उजाडलं. एका बाजूला अरबी, दुसऱ्या बाजूला इंग्रजी, खाली गोल जांभळा शिक्का. श्रीपादने गाडीत बसून वाचलं. मजकूर असा होता:

'मोठे पात्र जोडून पूर्ण झाल्यावर सदर इसमाजवळ एक बोल्ट शिल्लक राहिला. त्याची मूळ जागा अज्ञात आहे. सदर इसमाने पात्र तीन वेळा उघडून पुन्हा जोडले, तथापि बोल्ट शिल्लकच राहिला. घरातील महिला सदस्याने जागा सोडली. शेजाऱ्यांचे म्हणणे असे की, बोल्ट हेडमधूनच पडला असावा.'

शेवटच्या ओळीपाशी श्रीपादचे कान तापले. हेड म्हणजे डोकं. शेजारी म्हणतात, तुझ्या डोक्यातलाच स्क्रू पडलाय! आता अर्थात शंका उरली नव्हती. पात्र कुठलं आणि बाईने जागा का सोडली, हे त्याला नीट लागलं नाही. पण अपमान ओळखायला सगळं वाक्य कळावं लागत नाही.

जुनैदने कागद स्कॅन केला. विषय कोणता टाकायचा यावर तो बराच वेळ अडला, मग त्याला मजकुरात 'बोल्ट' दिसला आणि त्याचा चेहरा उजळला. त्याने 'गुणवत्ता' निवडलं. संबंधित व्यक्ती: ऊवे लिंडनर. तक्रारदार: श्रीपाद निरगुडकर, तपासणी इंजिनियर. मग त्याने एका बोटाने बटण दाबलं.

गुणवत्तेची तक्रार आपोआप सोळा जणांना जाते, हे जुनैदलाही ठाऊक नव्हतं.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. प्लांटमध्ये जी उभी, घराएवढी लोखंडी पात्रं असतात, त्यांच्या वरच्या घुमटालाही हेड म्हणतात. हे श्रीपादला पक्कं माहीत होतं. गेली वीस वर्षं तो हा शब्द दिवसातून चाळीसदा वापरत होता. पण अपमानाच्या भरात त्याला फक्त स्वतःचंच हेड आठवलं. त्या सोळा जणांनी श्रीपादचं हेड कधी विचारात घेतलंच नव्हतं. त्यांनी वाचलं ते असं: प्लांट सुरू व्हायला सहा आठवडे असताना, कंपनीचा सर्वांत किचकट तपासनीस शिक्का मारलेल्या कागदावर कळवतो आहे की जर्मन माणसाने मोठं पात्र जोडलं, एक बोल्ट उरला, त्याने तो तीनदा लपवायचा प्रयत्न केला, शेजारच्या युनिटमधल्या लोकांच्या मते तो हेडमधला आहे, आणि या सगळ्या काळात एका महिलेला तिथून हलवावं लागलं. सुरक्षा विभागाने तर एवढंच विचारलं की ही महिला आत आलीच कशी.

दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसहाला श्रीपादला प्लांटच्या मुदीरने, म्हणजे मॅनेजरने, बोलावलं. मुदीरचं नाव इंजिनियर तुर्की. नाव तुर्की असलं तरी माणूस हुफूफचा, खजुराच्या बागांतला, बोलायला शांत आणि त्यामुळेच धडकी भरवणारा. अरबीत 'प' नाही, म्हणून तो श्रीपादला श्रीबाद म्हणायचा. आज त्यातला 'बाद' जरा ठळक ऐकू आला.

"मिस्टर श्रीबाद, तुम्ही फार धाडसाचं काम केलंत."

श्रीपाद म्हणाला, "सर, ते गाणं आहे."

तुर्कीने कॉफीचा छोटा पेला खाली ठेवला. "काय आहे?"

"गाणं. रॉक बँडचं. विनोदी. तो बोल्ट आपला नाही, सर. गाण्यातला आहे."

मग तुर्की पुढे वाकला. "काल तुम्ही शिक्क्यासकट लेखी देता. आज म्हणता गाणं. मध्ये कोण भेटलं तुम्हाला? जर्मन कंपनीतून फोन आला?"

"नाही सर! माझ्याकडे तबकडी आहे."

हे बोलायला नको होतं. तबकडी कुठून आली? लिंडनरने दिली. केव्हा? काम संपल्यावर. म्हणजे ज्याचं काम तपासलं, त्याच्याकडून भेटवस्तू घेतली? तिची नोंद केली? दोन वर्षं त्याने ऊवेकडून चहासुद्धा हिशेबाने घेतला होता. चुकली ती नेमकी तबकडी. दुपारी दक्षता विभागाची दोन माणसं आली आणि त्यांनी 'तळघराच्या जिन्या'ला, म्हणजे त्या तबकडीला (बँडचं नाव तेच होतं, असं भाषांतराच्या तळटीपेत अबू हिशामांनी आवर्जून लिहिलं होतं) प्लास्टिकच्या पिशवीत घालून, पिशवीला क्रमांक देऊन, कुलपात ठेवलं.

आणि तुर्कीने आदेश काढला: सगळ्या मोठ्या पात्रांच्या हेडची फेरतपासणी. तपासणारा, श्रीपाद निरगुडकर. सोबत दक्षता विभागाचा एक माणूस, श्रीपादवर लक्ष ठेवायला.

जुलै महिना होता. दुपारी बारा ते तीन उन्हात काम करायला सरकारची बंदी, म्हणून काम पहाटे साडेचारला सुरू व्हायचं. समुद्राकडून येणारा दमट वारा अंगाला गरम फडक्यासारखा चिकटायचा. परातींचं काम अर्थातच पेडणेकरांकडे आलं. काढलेल्या पराती पुन्हा बांधायच्या होत्या, एकवीस पात्रांना, प्रत्येकी चार-पाच मजले. पेडणेकरांची साठ माणसं श्रीपादकडे ज्या नजरेने बघायची, तिचं भाषांतर करायला कुठल्याही कचेरीची गरज नव्हती.

"तुम्हीच सांगितलंत लेखी द्या म्हणून," श्रीपाद पहिल्या दिवशी शिडी चढताना म्हणाला.

"मी म्हटलंय लेखी द्या. सोळा जणांक द्या म्हटलंय?" पेडणेकर खालून ओरडले.

प्लांटवर अफवा पसरायला काही लागत नाही. कॅन्टीनमध्ये श्रीपाद ताट घेऊन बसला की टेबल रिकामं व्हायचं. फिलिपिनो वेल्डर म्हणायचे की त्याने जर्मन कंपनीकडून सोन्याची तबकडी घेतली. केरळी इलेक्ट्रिशियन म्हणायचे की त्याने जर्मनाला कायमचं घालवण्यासाठी डाव टाकला. दोन्ही बाजूंचे त्याला आधी सलाम करायचे, मग कुजबुजायचे. घरीही वातावरण बरं नव्हतं. "ती महिला कोण?" पद्मिनीने तिसऱ्यांदा विचारलं.

"अगं, गाण्यातली बायको आहे ती! माहेरी गेली असेल कंटाळून."

"आता कळतंय तुम्हाला गाणं? मग तक्रार कशाला केलीत?"

बोलता बोलताच स्वतःचं ते वाक्य त्याच्या मनात उतरलं. पात्र म्हणजे पात्र नव्हेच. घरातली काहीतरी मोठी वस्तू. चित्रातल्या फळ्या. कपाट! माणूस कपाट जोडतो, एक स्क्रू उरतो, तो तीनदा खोलतो, बायको माहेरी जाते, शेजारी चेष्टा करतात. श्रीपाद ताटावर थांबला. मागच्या वर्षी ज्ञानदाचं अभ्यासाचं टेबल जोडताना त्याच्याकडेही दोन स्क्रू उरले होते आणि ते त्याने कोणाला न सांगता फुलदाणीत टाकले होते. गाणं खरोखर विनोदी होतं. त्याला हसू आलं नाही, एवढंच.

आठव्या दिवशी ते अकराव्या पात्रावर चढले. हेडवर माणूस आत जाऊ शकेल असं झाकण असतं, त्याला वीस बोल्ट. श्रीपादने सवयीने एकापासून मोजायला सुरुवात केली. नटाच्या वर बोल्टचे दोनतीन आटे बाहेर दिसले पाहिजेत. तरच नटाने पुरता पकडला. एक, ठीक. दोन, ठीक. तेराव्यापाशी त्याची बोटं थांबली. आटे दिसत नव्हते. त्याने चष्मा पुसला. बोटाने पाहिलं. नटाच्या आत अर्ध्यावरच बोल्ट संपला होता. आखूड बोल्ट. वर पिवळ्या रंगाची 'पास'ची खूण, आणि झाकणाला तारेने बांधलेल्या पत्र्यावर सही. सही वळणदार, शेवटी लांब शेपटी असलेली. त्याची स्वतःची.

दक्षतेचा माणूस खालच्या मजल्यावर पाणी पीत होता. वर फक्त पेडणेकर होते. त्यांनी वाकून पाहिलं, मग श्रीपादकडे पाहिलं, आणि त्या दिवशी पहिल्यांदाच हळू आवाजात बोलले.

"निरगुडकर, माझ्याकडे लांब बोल्ट आसा. दोन मिनिटांचा काम. कोणी बघूक नाय."

श्रीपादला आठवत होतं. धुळीचं वादळ होतं तो दिवस. ऊवेची खास माणसं बोल्ट लावत होती, शिस्तीची, न बोलणारी. वीसपैकी बारा त्याने तपासले होते. मग वाळू डोळ्यांत जायला लागली, आणि त्याने स्वतःशी म्हटलं होतं, ही ऊवेची माणसं आहेत, चुकायची नाहीत. आयुष्यात एकदाच त्याने कोणावर तरी विश्वास ठेवला होता. उद्या या पात्रात गरम, दाबाखालचा माल खेळला असता आणि खाली पेडणेकरांची माणसं उभी असती.

"नको," तो म्हणाला. "फोटो काढा. सहीसकट."

गुरुवारी सभा झाली. भिंतीवरच्या पडद्यावर जर्मनीहून ऊवे होता, मागे त्याची बाग, अंगात बनियन. तुर्कीने कागद वाचून दाखवला आणि थंडपणे विचारलं, "मिस्टर लिंडनर, तो शिल्लक बोल्ट कुठे आहे?"

ऊवेने दोनदा ऐकलं. मग त्याला उमगलं, आणि तो इतका हसला की पडद्यावर फक्त त्याची खुर्ची राहिली. तो वर आला तेव्हा त्याला दिसलं की इकडे कोणीच हसत नाहीये. "ते गाणं आहे," तो म्हणाला. "कपाट जोडणाऱ्या माणसाचं. श्रीपाद, तू... तक्रार केलीस?"

"तुम्ही बोट दाखवलंत माझ्याकडे," श्रीपाद म्हणाला. तीन आठवडे घशात अडकलेलं वाक्य बाहेर आलं, आणि ते इतकं बारीक, इतकं पोरकट वाटलं की त्याला स्वतःचीच लाज वाटली.

"अरे, तू त्या घरात असतास तर तो स्क्रू उरलाच नसता, म्हणून! आम्ही चौघे तेच म्हणत होतो."

तुर्कीने डोळे मिटले. सोळापैकी कोणीतरी खोकलं. मग तुर्की म्हणाला, "म्हणजे आठ दिवस, एकवीस पराती, गाण्यासाठी."

"नाही सर," श्रीपाद उठला. त्याने फोटो पडद्यावर लावला. "अकरावं पात्र, तेरावा बोल्ट. आखूड आहे. सही माझी आहे. बाराच तपासले होते, वीस तपासले असं लिहिलं. लिंडनरचा दोष नाही."

आता मात्र ऊवेचा चेहरा बदलला. तो कॅमेऱ्याच्या अगदी जवळ आला. भिंतीवर नुसतं मोठं कपाळ दिसायला लागलं. "खाली दुसरी सही आहे ना? ती माझी. मीही पाहिलं नाही. श्रीपादची सही होती, म्हणून नाही पाहिलं. दोन वर्षांत तेवढं एकदाच."

प्लांटच्या हजारो सांध्यांतला चुकीचा सांधा नेमका तो निघाला, जिथे या दोघांनी एकमेकांवर विश्वास टाकला होता. तुर्कीने वही मिटली आणि अरबीत काहीतरी म्हणाला. त्याचं भाषांतर करायची कोणाची हिंमत झाली नाही. "खलास," एवढंच सगळ्यांना कळलं.

पुढच्या आठवड्यात जुनैदने श्रीपादला एकाच लिफाफ्यात दोन पत्रं दिली. दोन्हींवर एकच तारीख. पहिलं ताकीदपत्र: न कळवलेली भेटवस्तू, अपुरी तपासणी, आणि 'संगीतविषयक मजकूर गुणवत्ता विभागाकडे पाठवणे'. दुसरं प्रशस्तिपत्र: स्वतःची चूक स्वतः उघड केल्याबद्दल, संभाव्य अपघात टाळल्याबद्दल. "दोनों पे दस्तखत कीजिए, साब. एक आपकी फाइल में जाएगा, एक भी." जुनैदला बहुधा 'दूसरा भी' म्हणायचं होतं.

घरी श्रीपादने प्रशस्तिपत्र तीनदा वाचलं. पहिल्या वेळी आनंदाने, दुसऱ्या वेळी लक्षपूर्वक, तिसऱ्या वेळी 'असाधारण' या शब्दावर बोट ठेवून. "यात टोमणा तर नसेल?"

"पुरे झालं," पद्मिनी म्हणाली. ती लेकीकडे वळली. "बाबांच्या शाबासकीचा फोटो काढ आणि मिरजेच्या आपल्या घरच्या ग्रुपवर टाक. सगळ्यांना कळू दे."

ज्ञानदाने फोनवरून मान न उचलता फोटो काढला आणि टाकला. अर्ध्या मिनिटात मिरजेहून हार, टाळ्या आणि जोडलेले हात यायला लागले. हेमलतावहिनींनी लिहिलं, 'अभिमान वाटतो भाऊजी.' दोन आत्यांनी पेढ्यांचे फोटो टाकले. कंपनीचं मोठं चिन्ह आणि खाली श्रीपादचं नाव, यापलीकडे कोणी इंग्रजी वाचायच्या भानगडीत पडलेलं दिसत नव्हतं. शेवटी घरातले थोरले काका, अण्णासाहेब, यांचा संदेश आला. ते एरवी ग्रुपवर फक्त निधनवार्ता टाकत. 'श्रीपाद, पत्र पाहिले. परमुलखात असेच नाव काढत राहा.'

श्रीपादने फोटो मोठा करून पाहिला. ज्ञानदाने ताकीदपत्र टाकलं होतं.

"अगं, हे..." तो म्हणाला आणि थांबला. पद्मिनी शेजारी उभी राहून एकेक संदेश मोठ्याने वाचत होती, आणि तिचा चेहरा उजळला होता. त्याने एकदा पत्राकडे, एकदा तिच्याकडे पाहिलं. मग सोफ्यावर बसला आणि हळूहळू, एकेक अक्षर तपासून, अण्णासाहेबांना उत्तर लिहिलं: 'आपले आशीर्वाद असू द्यावेत.'